कुंडीतली सदाफुली, व्हेक्टरमध्ये

व्हेक्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर कडा असलेले आकार जोडून, फूल कसं काढायचं हे शिकवणारे व्हिडिओ बघितले की बहुतेक ठिकाणी एकच पद्धत दिसते, एक लंबवर्तुळ काढा, त्याचं एक टोक ओढून पाकळी करा, मग ती गोल फिरवत कॉप्या चिकटवा, मधे पिवळा ठिपका, खाली एक हिरवी रेघ, झालं फूल. पटकन होतं आणि आयकॉन म्हणून छानही दिसतं, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण हे कुठलं फूल आहे असं कुणी विचारलं तर उत्तर नसतं. मला जेव्हा कुंडीतलं झाड काढायचं असतं तेव्हा ते ओळखू आलं पाहिजे, ज्याच्या घरी सदाफुली आहे त्याने चित्र बघून लगेच म्हणायला हवं की अरे ही तर सदाफुली. आणि हे व्हेक्टरमध्ये अगदी व्यवस्थित जमतं, त्यासाठी फार भारी चित्रकला यावी लागत नाही, झाडाकडे बघायला मात्र वेळ द्यावा लागतो. या पोस्टमध्ये मी ते कसं करते ते सगळं लिहितेय, जरा लांबेल.

आधी एक मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ब्रशने रंगवताना तुम्ही एखादी जागा धूसर ठेवू शकता, पाकळी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते नक्की माहीत नसलं तरी दोन फटकारे मारून निभावतं आणि कधी कधी तेच सुंदर दिसतं. व्हेक्टरमध्ये तशी सोय नाही. प्रत्येक आकार हा स्वतंत्र वस्तू असतो, त्याला कडा असते, रंग असतो आणि तो दुसऱ्या कशाच्या तरी वर किंवा खाली असतो. म्हणजे कुठली पाकळी कुणाच्या वर आहे, पान देठाच्या पुढून निघतं की मागून, हे सगळं तुम्हाला सांगावंच लागतं, आणि सांगायचं तर आधी माहीत हवं. म्हणून मी कायम म्हणते की झाडाची ओळख करून घ्यायला व्हेक्टरसारखं माध्यम नाही.

मी सदाफुली निवडते कारण पहिल्यांदा काढायला ती फार चांगली आहे. पाच पाकळ्या, सपाट उघडणारं फूल, मधे बऱ्याचदा गडद रंगाचा डोळा, पानं गुळगुळीत चकचकीत आणि त्यांची मधली शीर फिकट, उठून दिसणारी. सगळे आकार मोठे आणि स्वच्छ. गुलाब किंवा झेंडू पहिल्याच झटक्यात काढायला गेलात तर पाकळ्यांच्या गर्दीत सॉफ्टवेअर शिकायचं राहूनच जातं.

सॉफ्टवेअर म्हणाल तर मी इंकस्केप वापरते. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज मॅक लिनक्स सगळीकडे चालतं. २००३ मध्ये सोडीपोडी नावाच्या जुन्या प्रोग्रॅममधून हे वेगळं निघालं आणि १.० व्हर्जन यायला २०२० उजाडलं, इतकी वर्षं लोक मोकळ्या वेळात त्यावर काम करत राहिले याचं मला खरंच अप्रूप आहे. तुमच्याकडे इलस्ट्रेटर किंवा दुसरं काही असेल तरी बिघडत नाही, पेन टूल, नोड, ग्रुप, क्लिप या गोष्टी सगळीकडे असतात, फक्त बटणं वेगळी. माउस पुरतो. ड्रॉइंग टॅबलेट असेल तर उत्तम पण या कामात हाताच्या दाबाला फारसं महत्त्व नाही, नोड कुठे ठेवला याला आहे.

नोडबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पेन टूलने तुम्ही जी वळणदार रेघ काढता तिला बेझिए कर्व्ह म्हणतात. पिअर बेझिए हे रेनॉ या फ्रेंच कार कंपनीत इंजिनिअर होते, गाड्यांच्या बॉडीची वळणं गणितात नेमकी लिहिता यावीत म्हणून त्यांनी ही पद्धत वापरात आणली, आणि त्याच्याही आधी, १९५९ मध्ये, सिट्रोएनमध्ये पॉल द कास्टेलजो यांनी हेच गणित स्वतंत्रपणे मांडलं होतं. पण त्यांचं काम कंपनीने बाहेर येऊ दिलं नाही म्हणून नाव बेझिएंचं राहिलं. आज आपण ज्या वळणाने पाकळी काढतो ते मुळात मोटारीच्या पत्र्यासाठी जन्माला आलं हे मला फार आवडतं.

तर अशा वळणाच्या प्रत्येक तुकड्याला चार बिंदू लागतात, दोन टोकांचे नोड आणि प्रत्येक नोडमधून निघणारं एकेक हँडल. रेघ नोडमधून जाते, हँडलमधून जात नाही, हँडल तिला फक्त आपल्याकडे खेचतं. हँडल ज्या दिशेला त्या दिशेने रेघ नोडमधून बाहेर पडते आणि हँडल जितकं लांब तितका वेळ ती त्या दिशेला चिकटून राहते. एवढं कळलं की झालं. बाकी सराव. हँडलची लांबी साधारण त्या तुकड्याच्या एक तृतीयांश ठेवली की वळण बहुतेक वेळा छान बसतं, हा माझा सुरुवातीचा अंदाज, तिथून मग नजरेने कमी जास्त.

आणि नोड कमी ठेवा. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. एक सदाफुलीचं पान फक्त दोन नोडमध्ये होतं, एक देठाकडचा आणि एक टोकाचा, दोन्ही कोनाचे म्हणजे कस्प प्रकारचे, आणि त्यांची चार हँडल. बास. याच पानाला बारा नोड टाकले तर ते जवळून बघितल्यावर थरथरल्यासारखं दिसतं आणि नंतर त्याचा आकार बदलायचा म्हटलं तर एकेक नोड हलवत बसावं लागतं, दोनच नोड असले तर एक हँडल ओढलं की अख्खं पान वळतं. फ्रीहँड पेन्सिल टूलने काढलेल्या रेघेत ढीगभर नोड येतात, कंट्रोल एल दाबून ते कमी करता येतात, पण मी तरी पेन टूलनेच काढते, बी दाबलं की पेन, एन दाबलं की नोड टूल, या दोन बटणांवर माझं निम्मं काम चालतं.

आता कुंडी. लोक कुंडी पटकन उरकतात आणि चित्र तिथेच फसतं असं मला वाटतं, कारण आपण ती वरून बघतोय की समोरून हे कुंडीच ठरवते आणि झाडाला मग तेच पाळावं लागतं. कुंडीचं तोंड गोल असतं पण आपल्याला ते लंबवर्तुळ दिसतं. नजरेच्या पातळीला असेल तर नुसती सरळ रेघ, आणि कुंडी जितकी खाली तितकं ते लंबवर्तुळ उघडत जातं. म्हणून कुंडीचा तळ हा तोंडापेक्षा जास्त गोलाकार दिसायला हवा, कारण तो नजरेच्या पातळीपासून आणखी खाली आहे. तळाची कड सरळ रेघेने काढली आणि तोंड मात्र छान उघडं लंबवर्तुळ ठेवलं तर कुंडी कागदातून कापून चिकटवल्यासारखी दिसते. अगदी थोडा बाक द्या तळाला, पण तोंडापेक्षा थोडा जास्तच हवा. एकदा हे डोळ्यात बसलं की दुसऱ्यांच्या चित्रातही दिसायला लागतं.

करायला सोपं आहे. वर एक रुंद लंबवर्तुळ, खाली एक अरुंद पण जरा जास्त गोल लंबवर्तुळ, दोघांच्या कडा जोडणारा एक चौकोन ज्याचे वरचे कोपरे रुंद आणि खालचे अरुंद, मग खालचं लंबवर्तुळ आणि चौकोन निवडून पाथ मेनूतलं युनियन, म्हणजे दोन्ही मिळून एकच आकार होतो. काठाची जी जाड पट्टी असते तीही अशीच, दोन सारखी लंबवर्तुळं एकाखाली एक ठेवून मधला भाग जोडायचा. मग तोंडाच्या लंबवर्तुळाची एक थोडी लहान कॉपी आत ठेवली की काठाची जाडी दिसते आणि तिच्या आत आणखी थोडं खाली मातीचं लंबवर्तुळ. माती काठाच्या बरोबरीने भरलेली दाखवू नका, कुंडीत पाणी घालायला जागा ठेवतातच, तेवढी खोली दिसली की कुंडी पोकळ वाटते.

आणि इथेच थरांचा पहिला प्रश्न येतो. झाड कुंडीच्या आत आहे म्हणजे ते आतल्या मागच्या भिंतीच्या पुढे पण पुढच्या काठाच्या मागे. म्हणून मी कुंडीचे दोन भाग ठेवते, मागचा म्हणजे आतली भिंत आणि माती, पुढचा म्हणजे बाहेरचं अंग आणि काठाची पुढची बाजू, आणि देठ या दोघांच्या मधे. खोड मातीच्या लंबवर्तुळाच्या साधारण मध्यातून निघालं पाहिजे, मागच्या काठाला चिकटून निघालं तर झाड कुंडीच्या मागे उभं आहे असं वाटतं. लेयरची नावं लिहून ठेवा, मागची कुंडी, देठ, पानं, फुलं, पुढची कुंडी, कारण पन्नास आकार झाले की लेयर एक लेयर दोन यात काहीच कळत नाही.

कुंडीच्या रंगासाठी आडवा लिनिअर ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू सरकणारा रंग, लागतो, आणि त्यात एक बारीक गोष्ट आहे. उजेड डावीकडून येत असेल तर सगळ्यात उजळ पट्टी अगदी डाव्या कडेला नसते, जरा आत असते. तसंच सगळ्यात गडद भाग अगदी उजव्या कडेला नसतो, तोही जरा आत, कारण कडेवर आसपासच्या गोष्टींवरून परतलेला थोडा उजेड पडतो. म्हणजे डावीकडून मध्यम, उजळ, मध्यम, गडद, आणि शेवटी परत किंचित उजळ. पाच स्टॉप, म्हणजे ग्रेडियंटमध्ये रंग ठरवायच्या पाच जागा. हा शेवटचा किंचित उजळ स्टॉप टाकला की सपाट आकार एकदम गोल होतो, मला अजूनही ते बघायला मजा येते. काठाच्या पट्टीच्या लगेच खाली एक पातळ गडद सावली, कारण काठ बाहेर आलेला असतो. एवढंच पुरे, कुंडीवर नक्षी वगैरे करायची असेल तर ती शेवटी.

देठ. सदाफुलीचं झाड बुंध्यापासून फांद्या फुटलेलं, झुडपासारखं असतं, एकच सरळ काठी नसते. मी देठ हा जाड स्ट्रोक म्हणजे रेघ म्हणून काढते, खाली जाड वर बारीक असा. इंकस्केपमध्ये पॉवरस्ट्रोक नावाचा पाथ इफेक्ट आहे त्याने एकाच रेघेची जाडी जागोजागी बदलता येते. नाहीतर सरळ स्ट्रोक टू पाथ करून, म्हणजे रेघेचा बंद आकार करून, नोड आत ओढायचे. तीन चार फांद्या पुरतात, एक जरा पुढे झुकलेली, एक मागे.

पानांकडे मात्र नीट बघा. सदाफुलीची पानं समोरासमोर जोडीने येतात, एका पेरावर दोन. आणि पुढच्या पेरावरची जोडी आधीच्या जोडीला काटकोनात असते. म्हणजे एक जोडी डावी उजवी पसरली असेल तर तिच्या वरची जोडी एक पान आपल्याकडे आणि एक आपल्यापासून लांब. हे कळल्यावर झाड काढणं किती बदलतं बघा. आपल्याकडे येणारं पान पूर्ण लांबीचं दिसत नाही, आखूड आणि रुंद दिसतं, कधी नुसतं टोक पुढे आलेलं दिसतं, आणि मागचं पान देठाआड अर्धं लपतं. सगळी पानं डावी उजवी काढली की ते झाड वहीत दाबून ठेवलेलं वाटतं. एक जोडी पसरलेली, एक जोडी आखूड, परत पसरलेली, एवढं केलं की झाडाला खोली येते, त्यासाठी कसलंही पर्स्पेक्टिव्हचं गणित करावं लागत नाही.

पान करताना मी आधी पूर्ण पानाचा आकार काढते, मग मधल्या शिरेच्या जागी एक किंचित वळलेली रेघ आणि पाथ मेनूतलं डिव्हिजन वापरून पानाचे दोन अर्धे भाग. रेघेऐवजी पानाच्या अर्ध्या भागाला झाकणारा कसाही एक ओबडधोबड आकार काढला तरी चालतो, फक्त त्याची एक बाजू मधल्या शिरेवरून गेली पाहिजे. एका अर्ध्याला उजळ हिरवा, दुसऱ्याला थोडा गडद. मग वर ती फिकट शीर, पोपटी पांढरट, देठाकडे जाड आणि टोकाकडे निमुळती. बाजूच्या बारीक शिरा काढायच्याच असतील तर दोन तीन, फार फिकट. सदाफुलीचं पान ओळखू येतं ते त्या मधल्या शिरेमुळे, बाकीच्या शिरा काढत बसलं की तिचा जोर जातो.

कॉपी पेस्टचा मोह इथे फार होतो. एक छान पान झालं की ते वीस वेळा लावावं असं वाटतं. लावा, पण प्रत्येक कॉपीचं एखादं हँडल हलवा, एखादं पान टोकाला वळवा, एखाद्याचा रंग जरा पिवळसर करा, खालची पानं थोडी मोठी आणि गडद, शेंड्याकडची लहान आणि पोपटी. दोन नोडचं पान असेल तर हे काही सेकंदांचं काम आहे, म्हणूनच कमी नोड म्हणत होते.

आता फूल, ज्यासाठी हे सगळं.

सदाफुलीची पाकळी देठाकडे अरुंद आणि बाहेर रुंद असते, आणि दोन्ही बाजू सारख्या नसतात, एक बाजू जरा जास्त फुगलेली असते. कळी बघा म्हणजे कारण कळेल, कळीत पाकळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली. जास्वंदीच्या कळीतही असंच असतं. फूल उघडलं तरी तो पीळ थोडा राहतो, फूल मंद फिरतंय असा भास होतो तो त्यामुळेच. म्हणून पाकळी काढताना ती मधोमध आरशासारखी सारखी करू नका. चार नोड घ्या, खालचा अरुंद, दोन्ही बाजूंच्या सगळ्यात रुंद जागी एकेक, आणि एक वर, आणि वरचा नोड जरा एका बाजूला सरकवा. त्या एका सरकवण्याने फूल जिवंत होतं.

पाच पाकळ्या म्हणजे ३६० भागिले ५, ७२ अंश. इंकस्केपमध्ये आकारावर दुसऱ्यांदा क्लिक केलं की फिरवायचे बाण येतात आणि मधे एक छोटं अधिकचं चिन्ह, ते चिन्ह म्हणजे फिरण्याचं केंद्र. ते ओढून पाकळीच्या अरुंद टोकाशी आणा. मग कंट्रोल डी ने डुप्लिकेट, आणि कंट्रोल शिफ्ट एम ने ट्रान्सफॉर्मची खिडकी उघडून रोटेटमध्ये ७२ लिहून अप्लाय. केंद्र डुप्लिकेटसोबत येतं त्यामुळे परत परत कंट्रोल डी आणि अप्लाय एवढंच करायचं. कंट्रोल दाबून हाताने फिरवायला जाऊ नका, ते १५ अंशांच्या टप्प्याने फिरतं आणि ७२ त्यात कुठेच बसत नाही.

आणि आता या फुलातली सगळ्यात सुंदर अडचण. पाचही पाकळ्या झाल्या, दुसरी पहिलीच्या वर, तिसरी दुसरीच्या वर, चौथी तिसरीच्या वर, पाचवी चौथीच्या वर. छान. पण पाचवीची शेजारीण पहिली, आणि खऱ्या फुलात पहिली पाचवीच्या वर असते. सॉफ्टवेअरमध्ये पहिली सगळ्यात खाली आहे, ती पाचवीच्या वर येणार कशी? ती वर आणली तर दुसरीच्याही वर जाते आणि तिकडचा क्रम बिघडतो. थरांच्या उतरंडीत वर्तुळ बसतच नाही, कुणीतरी तळाला आणि कुणीतरी माथ्याला असावंच लागतं. तुम्ही कुठलंही तयार व्हेक्टर फूल नीट बघा, बऱ्याच वेळा एक पाकळी दोन्ही बाजूंनी वर आणि एक दोन्ही बाजूंनी खाली दिसेल. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही पण पीळ तिथे तुटलेला असतो.

उपाय सोपा आहे. पहिल्या पाकळीचं डुप्लिकेट करा आणि होम दाबून ते सगळ्यांच्या वर आणा. आता त्यावर एक कसाही बंद आकार काढा जो या पाकळीचा फक्त पाचवीकडचा अर्धा भाग झाकेल, पाकळीच्या मधल्या रेषेपर्यंत. मग तो आकार आणि डुप्लिकेट दोन्ही निवडून ऑब्जेक्ट मेनूतून क्लिप, म्हणजे वरच्या आकारात बसेल तेवढाच भाग दिसतो. झालं. वर फक्त अर्धी पाकळी उरते जी पाचवीच्या वर चढते, दुसरीकडचा अर्धा भाग खालच्या मूळ पाकळीचाच आहे त्यामुळे तो दुसरीच्या खालीच राहतो, आणि मधे जोड दिसत नाही कारण दोन्हीकडे तीच पाकळी तोच रंग. पाकळ्यांना बाहेरची रेघ असेल तरी हे चालतं. इंटरसेक्शन, म्हणजे दोन आकारांचा फक्त सामाईक भाग ठेवणं, वापरूनही करता येतं पण मग रेघ असलेल्या पाकळीत आतून एक नको ती कड दिसते, म्हणून मला क्लिप बरं वाटतं, शिवाय क्लिप नंतर काढून टाकता येतं. मी पहिल्यांदा असं पूर्ण वर्तुळ जुळलेलं बघितलं तेव्हा इतका आनंद झाला की झूम करून एकेक पाकळी मोजत बसले, ही हिच्या वर, ही हिच्या वर, आणि परत सुरुवातीला.

पाकळीचा रंग सपाट ठेवला तरी चालतो, पण एक ग्रेडियंट दिला तर देठाकडे गडद आणि बाहेर फिकट असा. प्रत्येक पाकळी शेजारणीवर जिथे टेकते तिथे खालच्या पाकळीवर बारीक सावली हवी, नाहीतर एकाच रंगाच्या पाच पाकळ्या मिळून एक डाग होतो. मी वरच्या पाकळीची कॉपी किंचित सरकवून, गडद करून, खालच्या पाकळीत क्लिप करते. डोळा म्हणजे मधला गडद भाग एक लहान ताऱ्यासारखा करा, अगदी गोल नको, कारण तो रंग पाकळ्यांच्या तळाशी उतरलेला असतो आणि पाच पाकळ्यांप्रमाणे त्याला पाच टोकं येतात. त्याच्या आत नळीचं बारीक तोंड, एक छोटा फिकट ठिपका.

सगळी फुलं आपल्याकडे तोंड करून बसलेली नसतात. तयार झालेलं फूल ग्रुप करा, कॉपी घ्या आणि आडवं किंवा उभं दाबा, लंबवर्तुळात बसवल्यासारखं, मग थोडं तिरकं फिरवा. सपाट फूल असल्यामुळे हे सदाफुलीला चालून जातं, घंटेसारख्या फुलाला नाही चालणार. फक्त डोळा दाबल्यावर जरा मागच्या कडेला सरकवा. अगदी बाजूने दिसणारं फूल मात्र वेगळं काढा, वर पातळ बशीसारख्या पाकळ्या आणि खाली लांब बारीक नळी. ती नळी समोरून दिसतच नाही त्यामुळे लोक विसरतात, पण एक तरी बाजूचं फूल तिच्यासकट काढलं की सगळ्या चित्राला विश्वासार्हता येते. फुलं निघतात ती पानाच्या बेचक्यातून, एक किंवा दोन, देठ जवळजवळ नसल्यासारखा. तेव्हा फूल हवेत लांब दांड्यावर नको. आणि दोन तीन कळ्या हव्यातच, टोकदार, पिळलेल्या, कळीच्या अंगावर दोन तिरक्या वळणदार रेघा मारल्या की पीळ दिसतो.

सावल्यांबद्दल एवढंच, काळा रंग वापरू नका. हिरव्या पानाची सावली म्हणजे तोच हिरवा जरा निळ्याकडे झुकलेला आणि गडद. रंगाच्या खिडकीत एचएसएल निवडलं की हे समजायला सोपं जातं, ह्यू म्हणजे रंगछटा थोडी सरकवायची, लाइटनेस म्हणजे उजळपणा कमी करायचा. उजळ भागात उलट, पिवळ्याकडे झुकवायचं. कुंडीखाली जमिनीवर एक पसरट लंबवर्तुळ, ब्लर देऊन, उजेडाच्या उलट बाजूला थोडं सरकवलेलं. कुंडी जिथे टेकते तिथे लगेच खाली आणखी एक बारीक जास्त गडद सावली, नाहीतर कुंडी तरंगते.

मधे मधे झूम आउट करा. अगदी अंगठ्याएवढं चित्र करून बघा. तेवढ्यात फूल, पान, कुंडी वेगवेगळं दिसत नसेल तर रंगांचा उजेड अंधार चुकलाय, बारीक शिरा काढून तो प्रश्न सुटणार नाही. डोळे किलकिले करूनही हेच कळतं. मोठं झूम करून तासन्तास एका पानावर काम करणं हा व्हेक्टरचा सापळा आहे, कारण कितीही झूम केलं तरी कडा स्वच्छच दिसतात आणि काम संपतच नाही.

फाइल एसव्हीजी या व्हेक्टरच्या फाइल प्रकारातच सेव्ह करा, पीएनजी म्हणजे साधं चित्र फक्त कुणाला पाठवायला. एसव्हीजी हे २००१ पासूनचं खुलं स्टँडर्ड आहे आणि मुळात ती नुसती मजकुराची फाइल असते, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा एकदा. प्रत्येक पाकळीच्या जागी पाथ असं लिहिलेलं असतं आणि पुढे अक्षरं आणि आकडे. एम म्हणजे इथून सुरू कर, सी म्हणजे वळण काढ आणि त्यानंतर आकड्यांच्या तीन जोड्या, दोन हँडल आणि एक पुढचा नोड, झेड म्हणजे बंद कर. सी स्मॉल असेल तर आकडे आधीच्या बिंदूपासून मोजलेले असतात, कॅपिटल असेल तर कागदाच्या कोपऱ्यापासून. कमी नोडचं पान दोन सी मध्ये संपतं. पेन्सिल टूलने काढलेलं पान शेजारी ठेवून बघा, ओळीच्या ओळी आकडे.

आता पुढची गंमत म्हणजे एकदा हे झाड नीट तयार झालं की त्याची अवस्था बदलता येते. रंग बदलून पांढरी सदाफुली, डोळा लाल. किंवा पानं थोडी खाली झुकवून पाणी न घातलेलं झाड, त्यासाठी प्रत्येक पानाचं फक्त टोकाचं हँडल खाली ओढायचं. मी सध्या शेंगा काढतेय, सदाफुलीला फूल गळल्यावर जोडीने येणाऱ्या बारीक लांबट हिरव्या शेंगा असतात, पानाच्या बेचक्यात उभ्या, आणि चित्रात त्या जवळजवळ कुणी काढत नाही. प्रत्येकी दोन नोड, पानासारख्याच, फक्त अरुंद. तुम्ही तुमच्याकडचं दुसरं कुठलं झाड घेतलं तर आधी तीन गोष्टी बघा, पानं जोडीने आहेत की एकाआड एक, पाकळ्या कुठली कुणावर चढलीय, आणि फूल झाडाला नेमकं कुठून फुटतं, मग पेन टूल उघडा.